धुरीभाईंच्या पाच डिस्क

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता फोन वाजला की तो धुरीभाईंचाच, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांना त्याचा वैताग होता. बायको उशीत तोंड खुपसून म्हणायची, "घ्या. आली तुमची डिस्क." मी फोन उचलायचो. पलीकडून नमस्कार नाही, कसा आहेस नाही. थेट प्रश्न.

"लावलंस?"

"लावतो, भाई. आत्ता उठतोय."

"आत्ताच लाव. मी फोन धरतंय."

आणि ते खरोखर फोन धरून बसायचे. मग मी डोळे चोळत कपाटातला स्टीलचा डबा काढायचा, त्यातली पंच्यात गुंडाळलेली हार्ड डिस्क कॉम्प्युटरला जोडायची, ते सांगतील ते गाणं लावायचं आणि फोन स्पीकरपाशी धरायचा. अर्धा मिनिट मृदंग वाजला की पलीकडून एक हुंकार यायचा. "बरी आसा. ठेव आता." मग पुढचा फोन मुलुंडला. मग घाटकोपर, मग वर्सोवा. चार घरांची रविवारची झोप उडवून हा गृहस्थ गोरेगावात स्वतःच्या घरी पाचवी डिस्क लावून बघायचा आणि मगच चहा घ्यायचा.

दिगंबर धुरी आता नाहीत. पण त्यांच्याबद्दल लिहायला बसलो तरी पहिला येतो तो रागच. त्याला माझा इलाज नाही.

आमचं गाव कोकणातलं आणि निम्मं गाव मुंबईत. या मुंबईकरांचं एक ग्रामस्थ मंडळ आहे, कांदिवलीला एका चाळीच्या तळमजल्यावर त्याची दहा बाय बाराची खोली आहे, आणि दुसरं कोणी तयार होत नाही म्हणून गेली कित्येक वर्षं मी त्याचा चिटणीस आहे. धुरीभाई गोरेगावच्या एका स्टुडिओत ध्वनिमुद्रणाची यंत्रं सांभाळायचे. तरुणपणी सुट्टीवर गावी जाताना लोक आईबापांसाठी कापडं, खाऊ न्यायचे, हे टेपरेकॉर्डर न्यायचे. शिमग्याला आणि गणपतीला जे जे कानावर पडेल ते त्यांनी कॅसेटवर उतरवलं. रात्रभर चालणारे दशावतार, भजनाच्या बाऱ्या, गावकराने, म्हणजे गावच्या मानकऱ्याने, देवापुढे घातलेली गाऱ्हाणी, बायकांची फुगडीची गाणी. दोनशेवर कॅसेटी झाल्या होत्या. त्यातला गावकर गेला, भजनीबुवा गेले, दशावतारात राणी व्हायचा तो न्हावीही गेला. त्यांचे आवाज उरले ते फक्त या माणसाच्या ट्रंकेत.

निवृत्त झाल्यावर भाईंनी ही ट्रंक मंडळाला दिली आणि सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायचं काम अंगावर घेतलं. आठवड्यातून एक दिवस अकरा ते पाच खोलीत बसायचे. उंच, काटकुळे, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर. प्रत्येक कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची, मधून उडी मारायची नाही, हा त्यांचा नियम. मी एकदा म्हटलं, "भाई, पुढे ढकला ना जरा, बारीचा आलाप किती ऐकायचा?" तर म्हणाले, "त्येणी गायलो तेवा पुढे ढकललो काय?"

या कॅसेटींतल्या तीन त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात वेगळ्या ठेवल्या होत्या. त्यांच्या बायकोच्या, सुनंदावहिनींच्या. गावात फुगडीची गाणी सांगायला वहिनी पुढे असायच्या. एक ओळ त्या एकट्या म्हणायच्या आणि मागच्या बायका तिला उत्तर द्यायच्या. आवाज गोड वगैरे नव्हता. वरच्या पट्टीतला, जरा चिरका, पण वाडीच्या दुसऱ्या टोकाला स्वच्छ ऐकू जाणारा. वहिनी जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, आणि त्यांचा आवाज या तीन कॅसेटींपलीकडे कुठेही नव्हता. मी म्हणालो, "भाई, आधी त्या तीन घ्या की. टेप जुन्या झाल्यात."

"नाय. शेवटाक."

"का?"

"काम मंडळाचा. घरचा आधी केला तर लोक काय म्हणतले?"

"कोण काय म्हणणार आहे हो?"

"कोणी म्हणणा नाय म्हणान करूचा?"

आमच्या मंडळातली ही एक जात आहे. सामान वाटायला उभे राहिले की स्वतःच्या घरचं शेवटी देतात, आणि शेवटी कमी पडलं की घरी बायकोची बोलणी खातात. भाई त्यातले मेरुमणी.

आता डिस्कबद्दल. गाणी कॉम्प्युटरवर घेतली, पण ठेवायची कशात? भाईंचं मत ठाम होतं. बाजारात मिळणारी साधी, स्वस्त, घरगुती डिस्क घ्यायची. पण पाच घ्यायच्या, पाच वेगळ्या दुकानांतून, पाच वेगळ्या महिन्यांत, जमल्यास वेगवेगळ्या कंपन्यांच्या, आणि पाच घरांत ठेवायच्या. "डिस्क कधी जातली ता सांगाक येणा नाय," ते म्हणायचे. "म्हागडी जाता, सवस्त पण जाता. पण पाचव घरा एकाच दिवशी जळणत नाय."

या खरेदीला ते मला बरोबर न्यायचे, कारण चिटणीसाची सही. बोरिवलीच्या एका दुकानात आम्ही गेलो तेव्हा दुकानदार खुशीत आला. "काका, पाच चाहिए ना? पाचों ले लो, अच्छा रेट बना के देता हूँ."

"एकही दो."

"अरे काका, फायदा है आपका."

"मेरे को फायदा नहीं मंगता. एक दो. और अगले महिने आएगा नहीं मैं."

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी रस्त्याकडे बघत होतो. बाहेर आल्यावर मी विचारलं, की एका दुकानातून घेतल्या तर बिघडलं काय? तर म्हणाले, "एका खोक्यातली सगळी एकाच दिवशी जन्मलेली. एकीक रोग तर सगळ्यांक रोग." म्हणून पुढच्या महिन्यात अंधेरी, त्याच्या पुढच्या महिन्यात घाटकोपर. रणरणत्या उन्हात पाच महिने आम्ही डिस्क खरेदी करत होतो. एवढ्यात लोक फ्लॅट घेतात.

घरी आणलेल्या प्रत्येक डिस्कवर ते चिठ्ठी चिकटवायचे. दुकान, कंपनी, 'जन्म' आणि पुढे तारीख. त्याखाली 'मृत्यू' लिहून जागा कोरी. माझ्या बायकोला ती चिठ्ठी अजिबात आवडायची नाही. डब्याच्या तळाशी ओल धरू नये म्हणून तांदळाची पुरचुंडी असायची आणि दर दोन महिन्यांनी भाई स्वतः येऊन तांदूळ बदलायचे. वर्सोव्याच्या शिरोडकरांकडे खारी हवा म्हणून दर महिन्याला. शिरोडकरांच्या बायकोने एकदा सरळपणाने विचारलं, की हे जुने तांदूळ टाकायचे की पेजेला चालतील? भाई दोन महिने तिच्याशी नीट बोलले नाहीत.

चार वर्षं हे चाललं. आणि मग मी ते बंद पाडलं.

झालं असं की मंडळाला एक देणगी आली. मी आमच्या कचेरीतल्या कॉम्प्युटर इंजिनियरला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, या घरगुती डिस्क खेळणी आहेत. सर्व्हरची डिस्क घ्या. चौघींची एक पेटी बसवा, विषय संपला." मी माहितीपत्रक घेऊन आलो आणि सभा लावली. घाटकोपरचे मेस्त्री अध्यक्ष, वीसेक सभासद, चहा आणि बटाटवडे.

"या डिस्क मोठमोठ्या कंपन्यांत वापरतात," मी म्हणालो. "बारा महिने चोवीस तास चालायला बनवलेल्या आहेत. साध्या डिस्कच्या अडीचपट किंमत, पण पाच वर्षांची हमी."

"हमी कसली?" भाईंनी मागून विचारलं.

"डिस्क बिघडली तर बदलून मिळते."

"नवी?"

"नवी कोरी!"

"हां," भाई म्हणाले. "कोरी. आणि आतला गाऱ्हाणा कोण घालतलो? कंपनीचो मॅनेजर येतलो?"

सभा हसली. मला झोंबलं. मी समजावून सांगितलं की चार डिस्कमध्ये गाणी अशी वाटून ठेवलेली असतात की एक गेली तरी उरलेल्या तिघी तिचं काम सांभाळतात.

"आणि दोन गेल्यो तर?"

"तर सगळंच जातं. पण दोन एकदम कशा जातील, भाई? सर्व्हरच्या डिस्क आहेत!"

"म्हागडी वायट असा माझा म्हणणा नाय रे, सतीश. घे खुशाल. पण चारय एका पेटीत, एका खोलीत, एकाच दुकानातल्यो. माझो विरोध त्येका आसा. पाच घरा ऱ्हवांदे."

खरं तर यात भांडण्यासारखं काहीच नव्हतं. पेटी घ्यायची आणि घरंही चालू ठेवायची, एवढं सोपं होतं. मुलुंडच्या राऊळकाकी म्हणाल्याही, "दोनी करा मगे." पण मी हट्टाला पेटलो होतो. एवढी महागाची वस्तू आणून पुन्हा स्टीलचे डबे नि तांदूळ सांभाळायचे, तर ती आणायची कशाला? आणि मनातलं कारण त्याहून साधं होतं. मला रविवारी झोपायचं होतं. शिरोडकरांना झोपायचं होतं. मेस्त्रींनाही. ठराव मी माझ्या हाताने लिहिला: यापुढे ध्वनिमुद्रणे केवळ मंडळाच्या सर्व्हरवर ठेवावीत, सभासदांच्या घरी नव्या प्रती देऊ नयेत. विरोधात एकच हात वर झाला. भाईंनी तो मोजणी होईपर्यंत वर धरला, मग खाली घेतला आणि म्हणाले, "ठराव झालो. आता माझा काय नाय."

तेव्हा नेमक्या तीन कॅसेटी उरल्या होत्या.

पेटी आली. काळी, हिरव्या दिव्यांची, देखणी. भाईंनी जुनं सगळं त्यात भरलं आणि मग पुढच्या आठवड्यात बिस्किटांचा डबा उघडला. त्या तीन दिवसांत मी एकदा खोलीवर गेलो होतो. भाई कानांना हेडफोन लावून डोळे मिटून बसले होते आणि त्यांचा पाय जमिनीवर ठेका धरत होता. मला पाहून त्यांनी हेडफोन माझ्या कानाला लावला. सुनंदावहिनी! तीच वरची पट्टी, तोच श्वास घेताना मध्येच येणारा हसण्याचा आवाज. "झकास आलंय, भाई," मी म्हणालो. त्यांनी हेडफोन पुन्हा स्वतःच्या कानाला लावला.

त्यानंतर महिनाभरात मी ट्रंक रिकामी केली. कॅसेटींना बुरशी आली होती, वह्यावाटपासाठी जागा हवी होती. भाई म्हणाले, "दिवाळीपर्यंत ठेव." मी म्हणालो, "भाई, आता सगळं सर्व्हरवर आहे ना?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चिटणीस तू." दोन गोणी भंगारात गेल्या. बिस्किटांच्या डब्यासकट.

पेटी दीड वर्ष एकदाही बंद न होता चालली. रविवारी फोन नाही. मी आठपर्यंत झोपायचो आणि स्वतःवर खूश असायचो.

मग खंडेनवमी आली. आमच्या मंडळात त्या दिवशी मृदंग, झांजा, हार्मोनियम, लाऊडस्पीकर अशी सगळी हत्यारं मांडून पूजा होते, आणि पूजेत ठेवलेली वस्तू दसऱ्याला पूजा हलेपर्यंत वापरायची नाही. आदल्या वर्षी भाईंनी काही ना काही सबब सांगून सर्व्हर पूजेतून वगळला होता. या वर्षी मेस्त्री म्हणाले, "एवढी मोठी वस्तू मंडळाची, आणि तिलाच हळदकुंकू नाही?" मलाही पटलं. भाई यायचे होते. मी भिंतीवरचं बटण दाबलं, हिरवे दिवे विझले, पेटी उचलून पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. मेस्त्रींनी गाऱ्हाणं घातलं, सगळे "व्हय महाराजा" म्हणाले.

भाई आले ते नारळ फुटताना. पेटीकडे बघून दारातच थांबले.

"बंद कोणी केलान?"

"मी. पूजेत ठेवायची म्हटल्यावर बंद नको?"

"रीतसर केलंस, का बटाण मारलंस?"

"बटण."

ते चपला काढून आत आले आणि पेटीसमोर बसले. मी घाबरलो आणि म्हणालो, "भाई, हवं तर लगेच चालू करून बघा."

"आता कसा करतलंय? पूजा झाली मरे." आणि त्यांनी हात जोडले.

हे मला आजही कळत नाही. या माणसाला यंत्राची नस नि नस माहीत. तरी पूजा हलवायची नाही म्हणजे नाही. दसऱ्याला संध्याकाळी हार काढला, बटण दाबलं. दोन दिवे हिरवे लागले. दोन लाल. आतून टक्, टक्, टक् असा आवाज यायला लागला. भाईंनी पेटीला कान लावला आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले.

"दोन गेल्यो," ते म्हणाले.

दोन दुरुस्तीवाल्यांचे उंबरठे झिजवले. दुसऱ्याने डिस्क उघडून दाखवली. आतली आरशासारखी तबकडी गोल खरवडली होती. इतके दिवस सतत फिरणारी वस्तू अशी झटक्यात बंद केली की कधी कधी पुन्हा उठतच नाही, असं तो म्हणाला. कंपनीने हमीप्रमाणे दोन डिस्क बदलून दिल्या. नव्या कोऱ्या.

मग आम्ही घरं फिरलो. माझ्याकडची डिस्क चालली. राऊळकाकींची चालली. भाईंची चालली. मेस्त्रींच्या डिस्कवर त्यांच्या मुलाने सिनेमे भरून ठेवले होते, शिरोडकरांची खाऱ्या हवेने गेली होती. पण तीन घरांत सगळं होतं. दशावतार, बाऱ्या, गाऱ्हाणी, ठरावाच्या दिवसापर्यंतचं सगळं. मंडळात आनंदीआनंद झाला. खास सभा घेऊन भाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. मेस्त्री म्हणाले, "भाईंच्या दूरदृष्टीमुळे आपला एवढा मोठा ठेवा वाचला," आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाल अंगावर घेऊन भाई ओशाळं हसत उभे होते. काय गेलं ते त्या खोलीत भाईंना, राऊळकाकींना आणि मला माहीत होतं.

सभा संपल्यावर मी त्यांना जिन्यापाशी गाठलं आणि ओरडलोच. "भाई, तुम्ही त्या तिन्हींची एक प्रत तरी स्वतःकडे का नाही ठेवलीत? तुमची बायको होती ती! घरी डिस्क होती, दहा मिनिटांचं काम होतं. कोण विचारणार होतं तुम्हाला?"

"ठराव झालो होतो मा?"

"ठराव मी लिहिला होता! मी! झोप मोडते म्हणून लिहिला होता!"

"म्हायत आसा माका," ते शांतपणे म्हणाले. "पण झालो होतो."

एक शिवी दिली असती, तर मी सुटलो असतो. तेही त्यांनी केलं नाही. वर, "घरी जा, बायको वाट बघता आसात," असं म्हणून माझ्या खांद्यावर थोपटलं. त्या थोपटण्याचा मला इतका संताप आला की मी रिक्षात बसून रडलो.

त्यांना शेवटचं पाहिलं ते पुढच्या मे महिन्यात. दुपारी फोन आला. "मुलुंडाक ये, राऊळकाकीकडे. पंखो बंद करूक माणूस होयो."

गेलो. राऊळकाकींच्या हॉलमध्ये त्यांच्यासह तीन बायका सतरंजीवर बसल्या होत्या. तिघीही सत्तरीच्या पुढच्या, एकेकाळी सुनंदावहिनींच्या मागे उत्तर देणाऱ्या. भाईंनी मध्ये उपड्या पातेल्यावर माइक ठेवला होता. वाळले होते, शर्ट अंगावर लोंबत होता.

राऊळकाकी म्हणाल्या, "भाई, सुनंदाची ओळ मी म्हणतंय. माका पाठ आसा."

"नको."

"मगे मधी रिकामा ऱ्हवतला."

"ऱ्हवांदे."

"असा कसा दिसतला ता?"

"काकी, तुमी तुमचा म्हणा. तिचा झाला की मी हात खाली करतंय."

काकींनी माझ्याकडे पाहिलं. मी पंखा बंद केला. खिडक्या आधीच लावलेल्या होत्या, खोली क्षणात तापली. भाईंनी माइक सुरू केला आणि हात वर धरला.

भाईंनी डोळे मिटले होते. त्यांचे ओठ हलत होते, आवाज मात्र नव्हता. मान किंचित वर झाली, मध्ये एकदा श्वास घेण्यापुरते ओठ थांबले, तिथे ते जरासे हसले, आणि पुन्हा हलायला लागले. तिघी बायका त्यांच्या ओठांकडे बघत होत्या. सबंध ओळीला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ त्यांनी जाऊ दिला.

मग हात खाली आला, आणि बायकांनी सुनंदावहिनींना उत्तर दिलं.